गंज न लागलेली मिल

देवासच्या मिल कॉलनीत मानसिंगराव शितोळ्यांना त्यांचा मुलगा ‘आबासाहेब’ म्हणत असे, आणि नव्यानं राहायला आलेल्या माणसाला याचं फार हसू यायचं. अंगात कोपरावर ठिगळ लावलेला निळा शर्ट, नखांत ग्रीस, हातात जेवणाचा डबा, आणि दारातून पोरगा अदबीनं विचारतोय, आबासाहेब, पान वाढायला सांगू का. पण शितोळ्यांच्या घरात ते तसंच चालत आलं होतं. मानसिंगरावांचे आजोबा संस्थानच्या सिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठारात नोकरीला होते. तलवारी, भाले, कट्यारी पुसायच्या, तेल द्यायचं आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळं बाहेर काढून ओळीनं पूजेला मांडायचं हे त्यांचं काम. संस्थान गेलं, सिलेखान्याला कुलूप लागलं. आजोबांपाशी उरली ती बोलण्याची रीत आणि गंजाबद्दलची चीड. त्या घरात अडकित्त्यावरसुद्धा गंज चालत नसे.

पुढे देवासला कारखाने आले तेव्हा मानसिंगरावांचे वडील शिवाजीराव रोलिंग मिलमध्ये लागले. तापून लाल झालेला लोखंडाचा ठोकळा दोन अजस्र रोलांच्या मधून दाबून काढायचा, मग दुसऱ्या जोडीतून, मग तिसऱ्या, की शेवटी बांधकामाची लांबलचक सळई बाहेर यायची. शिवाजीरावांनी पहिल्याच वर्षी खंडेनवमीला त्या रोलांना झेंडूच्या माळा घातल्या. घरात पूजायला तलवार उरली नव्हती. हातात जे लोखंड आहे तेच आपलं शस्त्र, असं त्यांनी ठरवून टाकलं. मिलमध्ये माळव्यातले होते, बिहारकडचे होते, ते सगळे विश्वकर्म्याला मानणारे. पण शिवाजीरावांचा आवाज मोठा होता आणि प्रसादाची खीर त्याहून चांगली, म्हणून हळूहळू अख्खी मिल खंडेनवमी करू लागली. त्यांची अट एकच असे. आधी रोल चेहरा दिसेल इतका पुसायचा, तेल-ग्रीस द्यायचं, हातानं फिरवून बघायचा आणि मगच कुंकू. गंजलेल्या शस्त्राला कुंकू लावणं म्हणजे देवीची थट्टा, असं ते म्हणत, आणि कामचुकाराला खीर मिळत नसे.

बापाच्या मागं मानसिंगराव आले ते रोल टर्नर म्हणून. झिजलेला रोल लेथवर चढवून त्याच्या खाचा पुन्हा नीट करायच्या हे त्यांचं काम. माणूस तापट. कोणी रोलवर नुसता पाना ठेवला तरी त्याच्या खानदानाची विचारपूस व्हायची. त्यांची बायको भवानीबाई म्हणायची, पोराला गोवर निघाला तेव्हा हे एवढे कासावीस झाले नव्हते.

कॉलनी तेव्हा गजबजलेली होती. पाळी बदलताना रस्ता सायकलींनी असा भरून वाहायचा की म्हशीवाले आपापल्या म्हशी कडेला धरून उभे राहायचे. भट्टीचा उजेड मागच्या रांगेतल्या घरांवर पडे आणि त्या घरांतल्या बायका संध्याकाळी दिवा न लावता तांदूळ निवडत. गणपतीत मराठी नाटक व्हायचं, त्यात निम्मी पात्रं बिहारी. संवाद त्यांचे चोख पाठ असत, अर्थ मात्र विचारायची सोय नव्हती. एकदा तर नायकाच्या बापानं मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून छान हसून दाखवलं होतं, आणि कॉलनीनं त्यालाच बक्षीस दिलं.

मग एका सकाळी पहिल्या पाळीचे लोक गेले तर गेटला कुलूप. आदल्या दिवशी मिल चालू होती, भट्टी पेटलेली होती, कोणी ब्र काढला नव्हता. गेटवर कागद चिकटवला होता, की काही काळासाठी काम बंद. माणसं कागद वाचत, मागे सरकत, मागचा पुढे येऊन तोच कागद वाचे. सुन्न होऊन सगळे उभे राहिले, आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ झाली तेव्हा तिथंच रस्त्याच्या कडेला बसून प्रत्येकानं आपला डबा खाल्ला. भरलेला डबा घरी न्यायचा कसा आणि बायकोला सांगायचं काय, हे कोणालाच सुचत नव्हतं. मानसिंगरावांनी मेथीची भाजी आणि पोळी खाल्ली, नळावर डबा धुतला आणि पाळी संपायच्या वेळेला घरी आले.

मिल का बंद पडली याची कारणं नंतर पुष्कळ ऐकू आली. मोठ्या कारखान्यांची सळई स्वस्त पडत होती, वीज परवडत नव्हती, इंदूरला राहणाऱ्या मालकाचा जीव जमिनींच्या धंद्यात रमला होता. असेलही खरं. पण इतक्या वर्षांच्या माणसांना समोर उभं करून एवढंच सांगायला कोणाची जीभ झडली असती का, हा प्रश्न कॉलनीला अजून पडतो आणि त्याचा राग अजून येतो.

त्या वर्षी नवरात्र जवळ आलं तसे मानसिंगराव बेचैन झाले. आत रोल उघडे पडलेले आणि वर सगळा पावसाळा होऊन गेलेला. ते मॅनेजरच्या बंगल्यावर गेले आणि खंडेनवमीपुरतं आत जाऊ द्या म्हणाले. नकार मिळणार, वाद होणार, अशा तयारीनं गेले होते. मॅनेजरनं ताबडतोब हो म्हटलं. नुसतं हो नाही, तर आठवडाभर आधीपासून या, स्टोअरमधून ग्रीसचे डबे घ्या, चिंध्या घ्या, काही कमी पडलं तर सांगा. मानसिंगरावांनी बाहेर येऊन सांगितलं की माणूस वाटतो तितका वाईट नाही. या उदारपणाचा तेव्हाच वास यायला हवा होता. पण देवीच्या कामात कोणी हात पुढे केला की आपल्या लोकांच्या मनात शंका शिरत नाही.

कॉलनीतले झाडून सारे पुरुष आत गेले. रोलांवर लाल पापुद्रा धरला होता. तो बघून रघुजीच्या डोळ्यांत पाणी आलं. रघुजी म्हणजे मानसिंगरावांचा जुना जोडीदार, देवास जिल्ह्यातल्याच लोहारद्याकडचा, मिलमध्ये चिमट्यानं तापलेली सळई पकडून पुढच्या रोलात घालणारा. दोन्ही हातांवर भाजल्याचे पांढरे ठिपके. सगळ्यांनी फुकट, स्वतःच्या खुशीनं, दिवस दिवस घासकाम केलं. गंज काढला, ग्रीस भरलं, रोल हातानं फिरवले, कारण एकाच कुशीवर पडून राहिला तर जड रोलही वाकतो. खंडेनवमीला कुंकू लागलं, खीर झाली, आणि आरती झाल्यावर मानसिंगराव सगळ्यांना म्हणाले की मशीन जिवंत आहे तोवर मिल मेलेली नाही. लोकांना ते पटलं. त्या दिवसांत पटण्यासारखं दुसरं काही कोणी बोलतही नव्हतं.

तेव्हापासून दरवर्षी हा नेम झाला, आणि पुढं पुढं वर्षातून दोनतीनदा. मॅनेजर दरवेळी गेट उघडून देई, पूजेच्या दिवशी झेंडूच्या माळा घातलेल्या मशीनचे मोबाइलवर फोटो काढी आणि प्रसाद घेऊन जाई.

कॉलनी मात्र बघता बघता उतरत गेली. आधी बिहारकडचे गेले, मग ज्यांची पोरं इंदूरला कमावती होती ते गेले. रिकाम्या घरांच्या खिडक्या कोणीतरी चौकटीसकट काढून नेल्या. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई यायची थांबली. शाळेत दोनच वर्ग उरले, मग शाळाच उरली नाही. गणपती बसत राहिला, पण नाटक करायला माणसं पुरेनात. जो तो सामान बांधताना मानसिंगरावांच्या नजरेला नजर देत नसे, आणि मानसिंगरावही त्याच्याशी असे बोलत, जसा काही तो लढाईतून पळून चालला आहे.

हे त्यांनी करायला नको होतं. कारण जे गेले ते कुठं ना कुठं लागले आणि जे त्यांच्या शब्दाखातर राहिले ते अडकून पडले. रघुजीचा मेहुणा बागलीला दुकान थाटत होता, त्यानं रघुजीला भागीदारीत बोलावलं. मानसिंगरावांनी रघुजीला असं काही ऐकवलं की त्यानं मेहुण्याला नाही म्हणून कळवलं. आणि त्यांचा स्वतःचा मुलगा विक्रमसिंह. तो मिल बंद पडायच्या जेमतेम वर्षभर आधी बापाच्या हाताखाली लेथवर शिकायला लागला होता. त्याला पीथमपूरहून, धार जिल्ह्यातल्या त्या मोठ्या कारखान्यांच्या गावाहून, बोलावणं आलं. नोकरी पक्की होती. मानसिंगराव म्हणाले, मिल उद्या उघडली आणि शितोळ्यांचा माणूस जागेवर नसला तर? विक्रमसिंह आज्ञाधारक. तो गेला नाही. गावातल्या देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी भाविकांची ने-आण करायला त्यानं ई-रिक्षा घेतली आणि तिच्यावर संसार ओढू लागला. भवानीबाई एकदा न राहवून म्हणाल्या की अहो, ती मशीनं आपली नाहीत. त्या दिवशी मानसिंगराव जेवले नाहीत, आणि पुन्हा तो विषय घरात निघाला नाही.

गेल्या खंडेनवमीला मॅनेजर एकटा आला नाही. बरोबर एक जाडसर शेठजी होते आणि हेल्मेट हातात धरलेला एक तरुण इंजिनीअर. दोघांनी चपला काढल्या, आरतीला उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मग शेठजींनी पुढं होऊन मोठ्या रोलवर तळवा ठेवला आणि हलकेच ढकलला. रोल आवाज न करता फिरला. शेठजी हसले. त्यांनी इंजिनीअरला बोलावलं, त्यानंही फिरवून पाहिला, वाकून बेअरिंग पाहिलं, गिअरबॉक्सचं झाकण उघडून आतल्या तेलात बोट बुडवलं. पाहुण्यांनी मुलगी पसंत केल्यावर बापाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मानसिंगरावांनी लगेच ओळखलं, नवा मालक. त्यांनी घाईघाईनं नारळ मागवला, घरून नवं उपरणं आणायला एका पोराला पिटाळलं, आणि शेठजींच्या कपाळाला कुंकू लावून त्यांचा रीतसर सत्कार केला. शेठजींनी वाकून नमस्कार केला आणि खीर दोनदा मागून घेतली.

"भिया, देवी पावली," रघुजी गेटबाहेर येऊन म्हणाला. "अब पक्का समझो."

त्या दिवाळीसारखी दिवाळी कॉलनीनं कैक वर्षांत पाहिली नव्हती. रघुजीनं घराला चुना काढला. पेटीतले निळे शर्ट बाहेर निघाले, धुतले गेले, पोटावर बसत नव्हते ते उसवून मोठे झाले. बाहेरगावी गेलेल्यांचे फोन यायला लागले की खरं का रे, आम्ही पण येऊ का. मानसिंगराव प्रत्येकाला या म्हणत होते. विक्रमसिंहाला त्यांनी सांगितलं की आता रिक्षा पुरे. त्यानं ती टोंकखुर्दच्या एका माणसाला विकून टाकली. चाव्या देताना भवानीबाईंनी रिक्षाच्या हँडलवरून एकदा हात फिरवला.

आणि एका सकाळी क्रेन आली, तिच्यामागं लांबच लांब ट्रेलर. अख्खी कॉलनी रस्त्यावर आली. नवीन मशीनरी येणार असं बोलणं होतंच. बायकांनी धावत जाऊन पहिल्या ट्रेलरला कुंकू लावलं, ड्रायव्हरच्या हातावर पेढा ठेवला. तो बिचारा गांगरून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. मानसिंगराव कमरेवर हात ठेवून, कोणी नवरदेव येतोय अशा थाटात ट्रेलर मोजायला लागले, आणि मोजता मोजता थांबले.

ट्रेलर रिकामे होते.

नवी मशीनं घेऊन येणारा ट्रेलर भरून येतो. हे सगळे रिकामे होते, आणि त्यांच्यावर बांधायचे दोर आणि लाकडाचे ओंडके होते. गर्दीतून वाट काढत मानसिंगराव आत शेडमध्ये गेले. तिथं तो हेल्मेटवाला इंजिनीअर, त्याचं नाव धीरज, माणसांना काम वाटून देत होता. त्यानं मानसिंगरावांना पाहिलं आणि पुढं येऊन चक्क पायाला हात लावला. इंदूरचा मराठी मुलगा, शिक्षण सगळं हिंदीत.

"काकासाहेब, मराठी कच्ची आहे माझी, माफ करा," तो म्हणाला. "पण आपल्याला थँक्यू बोलायचं होतं. मी देशभर बंद मिला बघत फिरलो. सगळीकडे फक्त भंगार. ही एकच मिल मिळाली जी चालू हालतमध्ये आहे. मॅनेजरसाहेब दरवर्षी पूजेचे फोटो पाठवायचे, आमचे शेठजी म्हणायचे, फोटोसाठी रंग मारला असेल. मग स्वतः रोल फिरवला न, तिथंच हो बोलले. आपण सांभाळली नसती तर आम्ही हात लावला नसता."

मुलगा मनापासून बोलत होता. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि म्हणूनच ते शब्द कोणी तोंडावर थुंकल्यापेक्षा वाईट लागले. मानसिंगरावांना आधी काही उमगलंच नाही. मग हळूहळू सगळं उमगत गेलं. ग्रीसचे डबे, आठवडाभर आधी उघडलेलं गेट, मोबाइलवरचे फोटो, दोनदा मागून घेतलेली खीर. गंज लागू दिला असता तर मिल इथंच पडून राहिली असती. आपणच ती घासूनपुसून, माळा घालून, कुंकू लावून गिऱ्हाइकाला दाखवली. ते तिथंच एका ओंडक्यावर बसले.

मग त्यांनी विचारलं की मशीन कुठं जाणार. पीथमपूरला, धीरज म्हणाला, नवी शेड तयार आहे. आणि माणसं? माणसं ठेकेदाराची, सगळी पंचविशीच्या आतली. पण काकासाहेबांनी स्वतः यावं, महिना-दोन महिने, रोल बसवून होईपर्यंत, राहायची व्यवस्था होईल. मानसिंगरावांनी तो भाग ऐकलाच नाही. माझा मुलगा आहे, ते म्हणाले, लेथवर शिकलेला. धीरजनं वय विचारलं. छत्तिसावं चालू आहे म्हटल्यावर तो हेल्मेटचा पट्टा चाळवत खाली बघायला लागला. शेवटचं काम कधी केलं होतं, असं त्यानं हळू आवाजात विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता क्रेनकडे निघून गेला.

मानसिंगराव बाहेर आले तोवर बातमी गेटवर पोचली होती. पेढे वाटणाऱ्या बायकांनी डबे बंद केले होते. सगळे तोंडात मारल्यासारखे उभे होते. रघुजीनं मात्र डोकं ठिकाणावर ठेवलं होतं. कॉलनीतच वाढलेले गोपाळराव वकील मोटारसायकलवरून इंदूरला निघाले होते, कामगारांच्या थकलेल्या देण्यांवरून कोर्टातून मनाई हुकूम मिळण्यासारखा होता, अट एवढीच की तोवर मिलमधली एकही वस्तू बाहेर जाता कामा नये. एकदा माल धार जिल्ह्यात जाऊन बसला की मग तारखाच तारखा.

"तुम्ही फक्त बोला," रघुजी मानसिंगरावांना म्हणाला. "तुम्ही म्हणाल तर आम्ही सडकेवर आडवे होतो. ट्रेलर आमच्या अंगावरून जाऊ दे."

इतकी वर्षं त्यांच्याच शब्दावर थांबलेली माणसं पुन्हा त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. धीरजनं जे सांगितलं ते मानसिंगरावांनी कोणाला सांगितलं नाही, सांगायचं धैर्यच झालं नाही. पण एवढं त्यांना स्वच्छ कळलं की आपल्या हातून जे झालं ते निस्तरायची ही शेवटची संधी आहे. बसा, ते म्हणाले. आणि खांद्यावरचा पंचा त्यांनी गेटसमोर रस्त्यावर अंथरला आणि त्यावर पहिले स्वतः बसले. त्यांच्यामागं रघुजी, विक्रमसिंह, म्हातारे, बाया, सगळी कॉलनी बसली. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढायला लागले. मॅनेजर फोनवर फोन लावत होता. एवढ्या माणसांना उचलून बाजूला करण्याची त्याची छाती नव्हती, हे दिसत होतं. दोन तास गेले. भवानीबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. कितीतरी वर्षांनी कॉलनी एका जागी, एका मनानं बसली होती, आणि मानसिंगरावांना क्षणभर वाटलं की जमेल.

गेटमधून शेडचं मोठं दार थेट दिसत होतं. आत ट्रेलर आधीच उभा होता. बाहेर जाता येत नसलं तरी भरून तर ठेवू, असं धीरजनं ठरवलं असावं. क्रेनचा हूक खाली आला. दोन पोरांनी मोठ्या रोलला उघड्या पोलादी दोराचा फास घातला आणि तोही नेमका मानेवर. रोल ज्या भागावर बेअरिंगमध्ये फिरतो त्याला कामगार मान म्हणतात. ती काचेसारखी गुळगुळीत लागते. तिच्यावर दोर घासला की चरा पडतो, आणि चरा पडलेला रोल पुन्हा कधी धड चालत नाही. क्रेननं ताण घेतला. दोर करकरला.

"थांबा!"

मानसिंगराव ओरडले आणि उठून धावत सुटले. मागं सगळी कॉलनी उभी राहायच्या बेतात आली. सगळ्यांना वाटलं, आता हे जाऊन क्रेनपुढं आडवे होणार. क्रेनवाल्यानंही घाबरून इंजिन बंद केलं. मानसिंगराव शेडमध्ये शिरले, त्या पोरांना त्यांनी आईमाईवरून शिव्या घातल्या, कोपऱ्यातलं गोणपाट ओढून आणलं, दोर सैल करायला लावला आणि गोणपाटाची जाड घडी मानेभोवती गुंडाळली. मग दोर पुन्हा बसवला, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते वाकून बघितलं, एक पाऊल मागं सरले, हात वर केला आणि क्रेनवाल्याला बोट फिरवून खूण केली. हळू. वर घे. रोल तोल न जाता जमिनीवरून उचलला गेला.

हात वर असतानाच त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. आयुष्यभर त्या हातानं तेच केलं होतं आणि आत्ताही त्यानं त्यांना विचारायची वाट बघितली नव्हती. ते वळले. गेटवरून रघुजी त्यांच्याकडे टक लावून बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. मग रघुजी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठला.

"चला रे," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "उठा. वाट द्या ट्रेलरला. माल बांधणारे आपलेच आहेत."

माणसं एकेक करून उठली. कोणी मानसिंगरावांना हाक मारली नाही. म्हातारी माणसं पोरांचा हात धरून कडेला झाली, बायांनी पाण्याची भांडी उचलली. ड्रायव्हरनं बिडी विझवली. इंदूरहून गोपाळरावांचा फोन आला तेव्हा गेटवर कोणी उरलं नव्हतं.

विक्रमसिंह सगळ्यात शेवटी उठला. रस्त्यावर अंथरलेला बापाचा पंचा त्यानं उचलला, धूळ झटकली आणि आत शेडपर्यंत चालत आला. मानसिंगराव जिथं होते तिथंच उभे होते.

"आबासाहेब," तो म्हणाला, "गोणपाट संपलंय. पुढच्या रोलला हा लावा."

त्यात टोमणा होता की नाही हे मानसिंगरावांना कळलं नाही. मुलाचा आवाज नेहमीसारखाच अदबीचा होता. त्यांनी पंचा हातात घेतला. क्रेन पुढच्या रोलकडे वळत होती, पोरं दोर घेऊन त्यांच्या खुणेची वाट बघत उभी होती, आणि मानसिंगराव सगळ्यांच्या देखत लहान मुलासारखे रडायला लागले.